आईचा रकाना

वॉशिंग मशीनच्या पिंपात कुठलंसं बटण सुटलं आणि पत्र्यावर टणटण वाजायला लागलं. भर दुपारी घर इतकं गप्प होतं की मी दचकलेच. चार दिवस गोवराच्या तापाने फणफणलेली माझी लेक नुकतीच कुठे शांत झोपली होती. मी अनवाणी धावले, मशीन बंद केलं, तिच्या दाराला कान लावला. चोंदलेल्या नाकाची बारीक शिट्टी येत होती. उठली नव्हती बया. ओल्या कपड्यांत हात घालून बटण शोधतेय तोच ओट्यावरचा फोन थरथरला.

शेडवरच्या मावशी. डुकरांच्या शेडमध्ये त्यांची बावीस वर्षं गेली आहेत. कुठलं पिल्लू कोणत्या डुकरिणीचं, हे त्या कानातला बिल्ला न बघता सांगतात.

"झोपलीस का गं?"

"पोर झोपलंय, मावशी. हळू बोला."

"हळूच बोलतेय. बाटल्यांच्या खोलीत दडून बोलतेय मी. तुझी ती लाल-निळी वही होती ना?"

"होती म्हणजे?"

"आहे गं, वही आहे. पण साहेबांनी तिचं छापील पुस्तक केलंय. गुळगुळीत कागद, वर डुकराचा फोटो, झकास. त्यात तुझं नाव काही मला दिसलं नाही. आणि मला वाचता येतं हं. तीनदा बघितलं."

आत लेक खोकली, पुन्हा झोपली.

"आणि आयांचा रकाना पण नाही," मावशी म्हणाल्या. "सगळ्या आया उडवल्या."

आमचं केंद्र डुकरांच्या पैदाशीचं. चांगले नर निवडायचे आणि त्यांचं वीर्य बाटल्यांत भरून बाहेरच्या शेडवाल्यांना पाठवायचं. माझं काम पाठीवरची चरबी मोजण्याचं. जनावर कप्प्यात उभं करायचं, शेवटच्या बरगडीच्या वर केस भादरायचे, गार जेल फासायचं आणि सोनोग्राफीच्या यंत्राचा दांडा टेकवायचा. पडद्यावर चरबीचा पट्टा दिसतो, तो मिलिमीटरमध्ये लिहून ठेवायचा. लेकीच्या वेळी डॉक्टरणीने माझ्या पोटावर तसंच जेल फासलं, तसाच दांडा टेकवला, तेव्हा मी पडल्यापडल्या विचारलं होतं, "चरबी किती?" ती हसली नाही. नवरा हसला, पण उशिरा.

डुकराच्या अंगावर चरबी किती चढणार हे निम्मं खाण्यावर असतं आणि निम्मं वंशावर. वंशातही पुष्कळ जनुकांचा हात असतो. पण त्यातलं एक जनुक दांडगं आहे आणि विचित्र आहे. कुठल्याही जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईने दिलेली, एक बापाने. या जनुकाची मात्र फक्त बापाने दिलेली प्रत बोलते. आईची प्रत असते, पण तोंड मिटून बसलेली. बापाकडून सडपातळ प्रत आली की पिल्लू सडपातळ, आईने काहीही दिलेलं असो.

हे साहेबांना मीच सांगितलं होतं. साहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख. खिशात कायम सहा इंची पोलादी पट्टी. कुणाचाही कागद हातात आला की पट्टी काढायची आणि नको ते खोडायचं, तेही सरळ रेघेत. सगळे त्यांना पाठीमागे रेघसाहेब म्हणायचे. तेव्हा माझं बोलणं त्यांनी अर्धंच ऐकलं होतं, कारण मध्येच त्यांचा फोन आला होता.

वही माझी होती. सडपातळ प्रतीला निळी पेन्सिल, चरबीच्या प्रतीला लाल. तीन वर्षं एकेका डुकरिणीच्या पाठीचे चार-चार केस मुळासकट उपटून मी तपासणीला धाडले, आणि प्रत्येक नरासमोर त्याच्या आईच्या दोन्ही प्रती रंगवल्या. आमच्या जुन्या ओळीच्या, म्हणजे जुन्या वंशाच्या, माद्या अंगाने भरलेल्या, दुधाळ, बारा-बारा पिल्लं पोसूनही उभ्या राहणाऱ्या. त्यांच्यात लाल भरपूर. लाल म्हणजे वाईट नव्हे. अंगावर काही असलं तरच आई सगळ्यांना पाजून पुन्हा उठते, हे कुणी मला शिकवायची गरज नव्हती. लेक अंगावर पीत होती तेव्हा दुपारच्या सुट्टीत घरी पळायचे मी, आणि तिला एका मांडीवर घेऊन दुसऱ्या मांडीवर वही. पहिल्या काही पानांवर तिच्या दुधाचे डाग आहेत.

लेक बरी झाली आणि तीन आठवड्यांनी मी कामावर गेले. तडक साहेबांच्या खोलीत.

"साहेब, पुस्तकात माझं नाव नाही."

"आहे की. शेवटच्या पानावर. 'शेड कर्मचाऱ्यांचे सहकार्य.'"

"आणि आयांचा रकाना?"

"मोजणीबाई, आईची प्रत मुकी असते असं तुम्हीच म्हणाला होतात ना? मग मुक्यांना जागा कशाला? रेघ मारली."

"साहेब, पण ती पुढे..."

"पुढचं पुढे. बाकी पोरगी बरी आहे ना? मग झालं तर."

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मी पुन्हा विषय काढला. सगळे होते. केंद्राच्या संचालक, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, त्या तेवढ्या नव्हत्या. साहेबांनी पट्टी टेबलावर आपटली आणि हसून म्हणाले, "लेकुरवाळ्या बाईने डुकरिणींची बाजू घ्यायचीच. आयांची युनियन आहे ही!" खोली खदखदून हसली. रेतन विभागातला तो एरवी माझ्या डब्यावर ताव मारणारा मुलगासुद्धा हसला. मी पण हसले. माझ्या तोंडाला तेव्हा हसण्यावाचून काही सुचलं नाही, आणि ते हसणं मला आजवर कुठल्याही शिवीपेक्षा जास्त झोंबलेलं आहे.

त्या दिवशी मी डूख धरला. घरी आले, केंद्रातून उचलून आणलेली वही पिशवीतून काढली आणि लेकीच्या लहान झालेल्या झबल्यांखाली कपाटात ठेवली. छापील पुस्तक त्यांचं. वही माझी.

महिन्याभरात संधी चालून आली. त्या वर्षीचा नर निवडायचा होता, एकच, ज्याच्या बाटल्या वर्षभर सगळीकडे जाणार. उमेदवार तीन. तिघांचा बाप एकच, सडपातळ ओळीचा, दोन्ही प्रती निळ्या. त्यामुळे तिघांच्याही पाठी सपाट. मोजायला मीच. पहिला अकरा मिलिमीटर, दुसरा दहा, तिसरा नऊ.

घरी, लेक दुपारी झोपलेली असताना, मी वही उघडली. पहिल्याची आई निळी-निळी. दुसऱ्याची लाल-निळी. तिसऱ्याची आई म्हणजे मावशींची लाडकी, कप्पा भरून पसरणारी ती जाडी, लाल-लाल.

आनंदाने मी झोपलेल्या लेकीचा मुका घेतला. तिसऱ्याच्या अंगात आईने दिलेली लाल प्रत असणारच होती. त्याच्या स्वतःच्या पाठीवर ती दिसणार नव्हती, कारण आईची म्हणून ती मुकी. पण तो बाप झाला की त्याच्या निम्म्या पिल्लांना निळी जाणार आणि निम्म्यांना ती लाल. आणि या खेपेला ती बापाकडून आलेली असणार. म्हणजे बोलणार. चांगलं ठणकावून बोलणार.

नराचेच चार केस तपासले असते तरी हे कळलं असतं. ती तपासणीही साहेबांनी रेघ मारून बंद केली होती. "पाठ डोळ्यांना दिसतेय, केस कशाला उपटता?"

निवडीच्या बैठकीला मोठ्या बाई होत्या. साहेबांचा कल पहिल्याकडे होता, कारण पहिला चालायला ऐटबाज. पहिला निवडला असता तर सगळं सुरळीत पार पडणार होतं आणि साहेबांचं पुस्तक खरं ठरणार होतं.

"साहेब," मी म्हणाले, "नऊ मिलिमीटर. या यंत्रावर मी आजपर्यंत नऊ पाहिलेलं नाही."

"तुमची शिफारस तिसऱ्याला?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"पाठ बघायची असेल, तर तिसराच."

"बघा," साहेब खूश झाले, "आमच्या मोजणीबाई आता आयांवरून पाठीवर आल्या."

पुन्हा सगळे हसले. या वेळी मीही मनापासून हसले. मी एक अक्षर खोटं बोलले नव्हते. घरी आल्यावर वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घातली आणि लिहिलं: तिसरा नर. याची निम्मी पिल्लं जाड निघतील.

साहेबांनी पत्रक छापलं, "पिल्लू न् पिल्लू सडपातळ." आणि बाटल्या निघाल्या.

डुकरीण तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवसांनी विते. पिल्लं वजनावर यायला आणखी सहा महिने. मी इतकी निवांत कधीच नव्हते. मला बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं होतं, मी गाणं गुणगुणत चिकटवायचे. प्रत्येक चिठ्ठीवर त्या नराचा नंबर. एकेक बाटली म्हणजे साहेबांच्या पायाखाली ठेवलेली एकेक केळ्याची साल. नवरा म्हणाला, "हल्ली चेहऱ्यावर तेज आलंय तुझ्या." लेकीला न्हाऊ घालताना, तिच्या पोटऱ्या चोळताना, मी मनातल्या मनात आठवडे मोजायचे.

एकच गोष्ट खुपायची. लेक बालवाडीत जायला लागली आणि तिथे तिला जी जिवाभावाची मैत्रीण मिळाली ती नेमकी साहेबांची मुलगी. गालफुगी, बोबडी, सगळे तिला गुब्बी म्हणायचे. दोघी एका खुर्चीत बसायच्या. सुटताना साहेब फाटकाशी यायचे, गुडघ्यावर बसून गुब्बीच्या बुटाची नाडी बांधायचे, आणि ती त्यांच्या खिशातली पट्टी काढून त्यांच्या डोक्यावर तबला वाजवायची. माणसाबद्दल असं काही चांगलं दिसलं की मला संताप यायचा. मी लेकीचा हात ओढून भराभर निघायचे.

"आई, गुब्बीला टाटा करायचाय!"

"उद्या कर."

दहाव्या महिन्यात पहिली तक्रार आली. मग तिसरी, मग रोज. कत्तलखान्यात त्या नराच्या पिल्लांची निम्मी धडं पाठीवर जाड निघत होती, आणि पत्रकाच्या भरवशावर ज्यांनी शेडं भरली होती ते शेडवाले पत्रक हातात घेऊन आमच्या फाटकाशी उभे होते.

मोठ्या बाईंनी बैठक बोलावली. साहेबांनी तयारी केली होती. शेडवाल्यांनी जास्त चारलं. वजनावर न्यायला उशीर केला. मोजण्याच्या जागा चुकल्या. वीस मिनिटं बोलले. इतक्या दिवसांनी भूक लागल्यासारखी मी ती वीस मिनिटं चवीचवीने संपवली.

मग मी उठले. "साहेब, एकाच शेडमधली, एकाच पोटची, एकाच ताटातलं खाणारी भावंडं. निम्मी जाड, निम्मी सडपातळ. चारण्याने असं होतं?"

"मग कशाने होतं? सांगा ना."

"नराच्या आईचं काय?"

"पुन्हा आई!" त्यांनी सगळ्यांकडे बघितलं. "अहो, आईची प्रत मुकी असते."

"पिल्लात मुकी असते. तो आता पिल्लू नाही, साहेब. बाप आहे."

कुणी हसलं नाही. मी पिशवीतून वही काढून मोठ्या बाईंसमोर उघडली आणि तीनही नरांच्या आया दाखवल्या. साहेब वाकून बघत होते. त्यांचा हात सवयीने खिशातल्या पट्टीकडे गेला आणि तिथेच राहिला. त्यांचं तोंड हळूहळू उतरत गेलं, कानापासून खाली, आणि मी ते सगळं पाहिलं. पापणी लववली नाही. त्या सुखाबद्दल मी खोटं बोलणार नाही. आयांची युनियन!

मोठ्या बाई पानं उलटत शेवटच्या पानावर आल्या.

"ही तारीख निवडीच्या दिवसाची आहे."

"हो."

"त्या दिवशी तुम्ही तिसऱ्याची शिफारस केलीत."

"मी पाठीचं माप दिलं. माप खरं होतं."

"ते मी विचारलं नाही," त्या म्हणाल्या, आणि वही मिटून स्वतःजवळ ठेवली.

साहेबांची उचलबांगडी झाली, दूरच्या एका चारा तपासणीच्या नाक्यावर. पुस्तक पुन्हा छापायचं ठरलं, आयांच्या रकान्यासकट, आणि पहिल्या पानावर माझं नाव. साहेबांची खुर्ची मात्र मोठ्या बाईंनी मला दिली नाही. मी मागितलीही नाही.

मी ही बातमी सांगायला मावशींकडे धावले. त्या कप्पा धूत होत्या. पाण्याचा पाइप त्यांनी बंद केला नाही.

"जिरवली त्यांची," मी म्हणाले.

"जिरवलीस. चांगली जिरवलीस."

"मग? खूश नाही झालात?"

"झाले गं. त्या माणसाचं मला काही नाही. पण ते शेडवाले फाटकाशी उभे होते ना, त्यांनी तुझं काय खाल्लं होतं?" आणि पाण्याचा झोत माझ्या पायापाशी आणून म्हणाल्या, "सर जरा. तिथे घाण राहिलीय."

साहेब शेवटच्या दिवशी खोकं उचलून निघाले तेव्हा मी व्हरांड्यात होते. वाटलं होतं बघणार नाहीत. ते थांबले, खोकं कठड्यावर टेकवलं.

"मोजणीबाई, ते पुन्हा एकदा सांगता? मला अजून नीट बसलेलं नाही."

टोमणा असावा म्हणून मी चेहरा बघितला. टोमणा नव्हता. मी त्यांच्या खोक्याच्या झाकणावर पेन्सिलने दोन रेघा काढल्या, आई, बाप, मुलगा, मुलाची मुलं. ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "हो की." आणि पुन्हा, हळू, "हो की. सरळच आहे."

दोन मिनिटंसुद्धा लागली नव्हती.

गुब्बी सोमवारी बालवाडीत आली नाही. मंगळवारीही नाही. लेक चार दिवस एकटीच त्या खुर्चीत बसली असं बालवाडीच्या बाईंनी सांगितलं. रविवारी सकाळी आम्ही दोघी पलंगावर बसून धुतलेले मोजे जोडत होतो. हे काम तिचं, तिला फार आवडतं.

"गुब्बी कुठे गेली?"

"तिच्या बाबांची बदली झाली, राजा."

"म्हणजे?"

"काम दुसऱ्या गावाला. म्हणून सगळे तिकडे गेले."

"का?"

"त्यांच्या कामात एक चूक झाली."

"कसली?"

मी तिला टाळू शकले असते. पण मला तिला समजावून सांगायला आवडतं, आणि तिला समजतंही. मी एक लाल मोजा घेतला, एक निळा घेतला. हा आईने दिला, हा बाबांनी दिला. आईचा आत लपलाय, बाबांचा वर दिसतोय. आता हे बाळ मोठं झालं, स्वतःच बाबा झालं. त्याने आपल्या बाळाला आत लपलेलाच मोजा काढून दिला, तर? तिने जीभ बाहेर काढून विचार केला, दोन्ही मोजे हातात घेतले, निळ्याच्या आत लाल खुपसला, मग ओढून बाहेर काढला.

"लाल दिसणार!"

"शाब्बास!" मी तिचा मुका घेतला. "तेच गुब्बीच्या बाबांना कळलं नव्हतं."

"हे? एवढं?"

"हो."

"आणि तुला येत होतं?"

"मला येत होतं."

तिने मोजे मांडीवर ठेवले. माझ्याकडे पाहिलं, अगदी विश्वासाने, जणू उत्तर मला येतच असणार.

"मग तू त्यांना का नाही शिकवलंस? मला शिकवतेस की."